गेमवर क्लिक केलं की काहीच होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धाकट्या भावाची दहावी झाली म्हणून स्टीमच्या (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या) सेलमध्ये त्याच्या आवडीचा एक जुना गेम त्याला घेऊन दिलात. १४ जीबीचा गेम, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तीन रात्री जागून डाउनलोड केलात. आता 'प्ले' दाबलं की बटण निळं होऊन 'स्टॉप' दिसतं, चार-पाच सेकंद कर्सर गोल फिरतो आणि बटण पुन्हा हिरवं होतं. ना एरर, ना खिडकी, ना आवाज. दोनदा अनइन्स्टॉल करून परत टाकलात, तरी तेच. जवळच्या दुकानात 'फॉरमॅट मारावा लागेल' असं सांगितलं. लॅपटॉप नवा आहे, विंडोज ११ आहे, तुम्हीच घरी सेट केलात आणि भावाचं नाव मराठीत टाइप करून त्याचं अकाउंट बनवलंत.

ते शेवटचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझी नजर तिथेच अडकली. त्याकडे येतोच. त्याआधी एक विनंती: फॉरमॅट मारू नका आणि गेम तिसऱ्यांदा उडवू नका. साताऱ्यात एकवीस वर्षं हे काम करतोय. गेम उघडत नाही म्हणून विंडोज नव्याने टाकायची खरोखर गरज पडली, अशी मशिन मी फार थोडी पाहिली आहेत. उलट फॉरमॅटमध्ये लोकांचे फोटो, हिशेब, प्रोजेक्टच्या फाइली गेलेल्या मात्र पुष्कळ पाहिल्या.

गेम परत टाकून फरक का पडला नाही? कारण स्टीम तेच फोल्डर, त्याच फाइली जशाच्या तशा आणून ठेवतं. अडचण बहुतेक वेळा त्या फोल्डरच्या बाहेर असते: विंडोजमध्ये, ड्रायव्हरमध्ये (ग्राफिक कार्डसारखे भाग विंडोजशी जोडणारा प्रोग्रॅम), नाहीतर डॉक्युमेंट्समध्ये पडलेल्या गेमच्या सेटिंगमध्ये. अनइन्स्टॉल केल्यावर यातलं काहीच हलत नाही. डाउनलोडमध्येच एखादी फाइल खराब उतरल्याची शंका असेल तर लायब्ररीत गेमच्या नावावर राइट क्लिक करा, 'प्रॉपर्टीज'मध्ये जा, 'इन्स्टॉल्ड फाइल्स' उघडा आणि 'व्हेरिफाय इंटिग्रिटी' दाबा. स्टीम एकेक फाइल तपासतं आणि बिघडलेली असेल तेवढीच परत उतरवतं. हॉटस्पॉटवर असणाऱ्यांसाठी हा फार मोठा फरक आहे. एक मात्र ध्यानात ठेवा, ही तपासणी जादाच्या फाइली काढत नाही. कोणी मॉड (गेममध्ये बदल करणारी बाहेरची भर) टाकला असेल आणि त्याची एखादी डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी मदतनीस फाइल) गेमच्या फोल्डरमध्ये बसली असेल, तर 'सगळं ठीक' असा निकाल येऊनही गेम तिच्यापायी पडत राहतो.

आता त्या चार-पाच सेकंदांत आत काय चाललेलं असतं ते सांगतो. हे एकदा समजलं की बाकीचं शोधणं सोपं जातं. 'प्ले' दाबल्यावर विंडोज गेमची एक्झी, म्हणजे चालवायची मुख्य फाइल उचलतं आणि त्या फाइलला कोणकोणत्या डीएलएल लागतात त्याची यादी बघतं. यादीतली एक जरी सापडली नाही, तरी गेमची स्वतःची एक ओळही चालत नाही. सगळ्या सापडल्या तर गेम जागा होतो, आपण खरे विकत घेतलेले आहोत का ते स्टीमला विचारतो, मग आपली सेटिंगची फाइल वाचतो. ती नसेल तर डॉक्युमेंट्समध्ये किंवा प्रोग्रॅम आपली सेटिंग ठेवतात त्या लपवलेल्या अ‍ॅपडेटामध्ये फोल्डर करून नवी लिहितो. त्यानंतर ग्राफिक कार्डला हाक मारतो, आणि अगदी शेवटी खिडकी उघडते. तुम्हाला खिडकी दिसत नाही, म्हणजे गाडी यातल्या कुठल्यातरी टप्प्यावर थांबली आहे. कुठल्या टप्प्यावर, हे कळेपर्यंत काहीही बदलायचं नाही. दहा उपाय एका दमात केले तर गेम सुरू झाला तरी कशाने झाला ते कळत नाही, आणि नाही झाला तर दहा नव्या भानगडी मागे राहतात.

पहिली गोष्ट, मशिन रीस्टार्ट करा. शटडाउन करून परत चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असतं, त्यामुळे शटडाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. ड्रायव्हर अडकला असेल तर तसाच अडकलेला परत येतो. 'रीस्टार्ट' दाबलं तरच सगळं कोरं सुरू होतं.

मग स्टीम चालू ठेवून त्याच 'इन्स्टॉल्ड फाइल्स'मधून 'ब्राउज' दाबा, गेमचं फोल्डर उघडेल. तिथल्या एक्झीवर थेट डबल क्लिक करा. काही गेमचा लाँचर (गेमच्या आधी उघडणारा छोटा प्रोग्रॅम) खरी एरर गिळून टाकतो, थेट चालवलं की ती खिडकी समोर येते. काही आलं तर मोबाइलने फोटो काढून ठेवा.

काहीच आलं नाही तर विंडोजची डायरी उघडायची. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येईल. दिवसादिवसाचा एक तक्ता दिसतो. गेम पडला असेल त्या दिवशी लाल फुली असते. तिच्यावर क्लिक करून तपशील उघडा. हीच नोंद 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'विंडोज लॉग्ज'खालच्या 'अ‍ॅप्लिकेशन'मध्ये १००० या क्रमांकाने सापडते. त्यात तीन गोष्टी बघायच्या: कुठला प्रोग्रॅम पडला, 'फॉल्ट मॉड्यूल' म्हणजे पडताना कुठली फाइल हातात होती, आणि 'एक्सेप्शन कोड'.

तो लांबलचक कोड बघून घाबरू नका, त्याच्या शेपटाकडे बघा. शेवट ०५ असेल तर प्रोग्रॅमने मेमरीत नको तिथे हात घातला. इथे मॉड्यूलचं नाव महत्त्वाचं. 'एनव्ही'ने सुरू होणारं नाव असेल तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर, 'एटीआय' किंवा 'एएमडी' असेल तर एएमडीचा, 'आयजीडी' असेल तर इंटेलच्या ग्राफिकचा. ड्रायव्हर बनवणाऱ्याच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून नवा घेऊन टाकायचा. मॉड्यूल 'एनटीडीएलएल' किंवा 'कर्नलबेस' दिसलं तर त्या फाइलींच्या मागे लागू नका. अपघाताच्या जागी उभ्या असलेल्या त्या साक्षीदार आहेत, जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम पडताना त्यांचं नाव येऊ शकतं.

शेवट १३५ असेल तर लागणारी डीएलएल नाही. शेवट १४२ असेल तर डीएलएल सापडली, पण तिला उभं राहता आलं नाही. शेवट १डी म्हणजे प्रोसेसरला न समजणारी आज्ञा गेममध्ये आहे. जुन्या डेस्कटॉपवर नवा गेम टाकला की हे होतं, उदाहरणार्थ गेमला एव्हीएक्स नावाच्या प्रोसेसरच्या आज्ञा लागतात आणि प्रोसेसर त्यांच्या आधीचा असतो. तिथे सेटिंग बदलून उपयोग नाही. गेम स्टीमवर घेऊन १४ दिवस झाले नसतील आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत असेल तर पैसे परत मागता येतात, ते मागून घ्यावेत.

शेवट ७बी असेल तर ३२ बिट आणि ६४ बिटची सरमिसळ झाली आहे. ही सरमिसळ बहुतेक वेळा आपल्याच हाताने झालेली असते, म्हणून इथे जरा थांबतो.

'अमुक डीएलएल इज मिसिंग' अशी खिडकी आली की लोक त्या फाइलचं नाव सर्च करतात, कुठल्यातरी डीएलएल देणाऱ्या साइटवरून ती एकच फाइल उतरवतात आणि 'सिस्टीम३२'मध्ये नेऊन टाकतात. ६४ बिटच्या विंडोजमध्ये नावांचा मोठा घोळ आहे. 'सिस्टीम३२' या फोल्डरमध्ये ६४ बिटच्या फाइली असतात आणि 'सिसवाव६४'मध्ये ३२ बिटच्या. नावावरून जाणारा माणूस हमखास चुकतो आणि ७बी समोर येतो. त्याहून वाईट म्हणजे ती फाइल कोणी, कशी बनवली याचा काही भरवसा नसतो. अशा उतरवलेल्या डीएलएलबरोबर पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम आलेली मशिन माझ्या टेबलावर आलेली आहेत. सुटी डीएलएल कधीही उतरवू नका. ती ज्या पॅकेजमधून येते ते पॅकेज टाका.

पॅकेजं मुख्यतः दोन. एक 'व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल'. २००५, २००८, २०१०, २०१२, २०१३ अशी प्रत्येकाची वेगळी, आणि २०१५पासून पुढची सगळी मिळून एकच. नवीन टाकलं म्हणजे जुनं झालं असं इथे होत नाही. २०१० वर बांधलेल्या गेमला २०१०चंच लागतं. शिवाय प्रत्येकाचे दोन भाग, एक्स८६ आणि एक्स६४. 'माझं विंडोज ६४ बिटचं आहे' म्हणून लोक एक्स६४ टाकून मोकळे होतात. गेम ३२ बिटचा असेल तर त्याला एक्स८६च लागतं, विंडोज कुठलंही असो. म्हणून दोन्ही टाकायचे.

दुसरं पॅकेज डायरेक्टएक्सचं. 'माझ्याकडे तर डायरेक्टएक्स १२ आहे, मग ९ कशाला?' हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. विंडोज ११मध्ये डायरेक्टएक्स ९चा मूळ भाग असतोच. पण त्या काळातले गेम 'डी३डीएक्स९_४३' सारख्या मदतनीस फाइली वापरत, आवाजासाठी 'एक्सऑडिओ२_७' वापरत, आणि या फाइली विंडोजबरोबर येत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या जून २०१०च्या जुन्या रनटाइम पॅकेजमधूनच त्या मिळतात. हे पॅकेज टाकल्याने डायरेक्टएक्स १२ला काहीही धक्का लागत नाही.

आणि तुमच्यासाठी खास, ताई: ही पॅकेजं हॉटस्पॉटवरून परत उतरवायची गरज बहुतेक पडणार नाही. स्टीमच्या 'स्टीमॲप्स' फोल्डरमधल्या 'कॉमन'मध्ये 'स्टीमवर्क्स शेअर्ड' नावाचं फोल्डर बघा, त्यात '_कॉमनरेडिस्ट' आहे. नाहीतर गेमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये तसंच एखादं असतं. गेम पहिल्यांदा चालवताना स्टीम तिथूनच ती टाकतं. त्या वेळी विंडोजने परवानगी विचारली आणि घाईत 'नो' दाबलं गेलं, की पॅकेज राहून जातं. तिथे जाऊन हाताने चालवा.

हे सगळं गेम 'पडला' तर. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की डायरीत लाल फुली सापडणारच नाही. आणि फुली नसणं हासुद्धा पुरावा आहे. त्याचा अर्थ बहुधा असा की गेम पडलेला नाही, तो स्वतःहून बाहेर गेलाय. तो जागा झाला, काहीतरी करायला गेला, ते जमलं नाही, आणि कोणालाही न सांगता त्याने दार ओढून घेतलं. अशा वेळी पहिला संशय असतो: ज्या फोल्डरमध्ये त्याला लिहायचं होतं तिथे लिहिता आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी कोरेगावकडचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला होता. अगदी तुमच्यासारखीच तक्रार, एक जुना रेसिंगचा गेम, चार सेकंद आणि गायब. त्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, एके ठिकाणी फॉरमॅटही मारून झाला होता. ड्रायव्हर नवा, दोन्ही पॅकेजं टाकलेली, अँटिव्हायरसमध्ये काही नाही. मग मी 'प्रोसेस मॉनिटर' लावला. हे मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं फुकट मिळणारं साधन आहे. एखादा प्रोग्रॅम कुठली फाइल मागतो आणि त्याला काय उत्तर मिळतं, याची ओळ-ओळ नोंद ते करतं. फिल्टरमध्ये गेमच्या एक्झीचं नाव टाकलं, गेम चालवला, आणि यादीच्या तळाला जाऊन वर वाचत आलो. 'नेम नॉट फाउंड' अशा शेकडो ओळी त्यात असतात. त्या साध्या असतात, प्रोग्रॅम एकच फाइल चार जागी शोधतो म्हणून येतात. पण प्रोसेस बंद होण्याच्या अगदी आधी एक ओळ वेगळी होती. निकालाच्या रकान्यात 'नेम इनव्हॅलिड', आणि पत्त्याच्या रकान्यात सी ड्राइव्ह, युजर्स, त्यापुढे पाच प्रश्नचिन्हं, त्यापुढे डॉक्युमेंट्स.

पाच प्रश्नचिन्हं. मुलाचं नाव ओंकार. वडिलांनी हौसेने अकाउंटला नाव मराठीत दिलेलं. युनिकोडच्या (जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) हिशेबाने 'ओंकार'मध्ये पाच खुणा होतात: ओ, अनुस्वार, क, काना, र. गेमला त्यातली एकही ओळखता आली नाही, म्हणून त्याने प्रत्येकीच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह ठेवलं. आणि विंडोजमध्ये फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. म्हणजे गेम अशा पत्त्यावर फोल्डर करायला निघाला होता, जो पत्ता असूच शकत नाही.

हे का होतं तेही सांगतो. विंडोज स्वतः आतून युनिकोडवर चालतं, त्याला मराठी नाव नीट कळतं. पण जुने गेम लिहिणाऱ्या कित्येकांनी फाइल उघडायला विंडोजची जुन्या पद्धतीची फंक्शन वापरली. ती मशिनच्या 'कोड पेज'वर अवलंबून असतात, म्हणजे अक्षरांच्या एका मर्यादित कोष्टकावर. आपल्याकडच्या इंग्रजी सेटिंगच्या मशिनवर ते कोष्टक १२५२ क्रमांकाचं, पश्चिम युरोपातल्या भाषांचं असतं. त्यात देवनागरीला जागा नाही. जपानीसाठी ९३२, चिनीसाठी ९३६ अशी कोष्टकं आहेत, त्यामुळे जपानी माणसाने आपल्या लिपीत नाव ठेवलं तरी त्याच्या जपानी सेटिंगच्या मशिनवर जुने गेम चालतात. देवनागरी विंडोजमध्ये आली तीच थेट युनिकोडमधून, सिस्टीमचं कोड पेज म्हणून निवडता येईल असं आपलं कोष्टक तिथे कधी नव्हतंच. तुमच्या भावाच्या नावात काही चूक नाही. आपली लिपी वापरणारा माणूस हा गेम खेळेल, असं तो लिहिताना कोणी धरलंच नव्हतं.

तुम्ही असं तपासा. फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्हमधलं 'युजर्स' फोल्डर उघडा. भावाचं फोल्डर मराठीत दिसतंय का? दिसत असेल तर सेटिंगमध्ये 'अकाउंट्स', मग 'अदर युजर्स' इथे जाऊन नवं अकाउंट जोडा. ईमेल विचारेल तिथे 'माझ्याकडे याची साइन-इन माहिती नाही' आणि पुढे 'मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय' हा पर्याय घ्या. नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. त्या अकाउंटने लॉगइन करा, स्टीमला भावाच्या आयडीने परत साइन-इन करा. स्टीम आणि गेम दोन्ही मशिनवर आधीपासून आहेत, त्यामुळे १४ जीबी परत उतरवायचे नाहीत. 'प्ले' दाबून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. गेमही एखाद्या मराठी नावाच्या फोल्डरमध्ये टाकला असेल, समजा डी ड्राइव्हवर 'खेळ' असं फोल्डर करून, तर तोही साध्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये हलवा. स्टीमच्या 'प्रॉपर्टीज'मधूनच हलवता येतो, आणि नव्या नावाचं फोल्डर त्याच डी ड्राइव्हवर हवं असेल तर स्टीम बंद करून फोल्डरचं नाव बदला आणि स्टीमच्या स्टोरेज सेटिंगमध्ये ते पुन्हा जोडा.

जुन्या अकाउंटचंच नाव बदलून भागेल का? नाही. नाव बदललं तरी 'युजर्स'मधलं फोल्डर पहिल्या दिवशी पडलेल्या नावानेच राहतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या आतल्या नोंदवहीत) जाऊन ते फोल्डर बदलण्याच्या युक्त्या फिरतात, त्या करू नका. आधी टाकलेले बरेच प्रोग्रॅम जुना पत्ता धरून बसलेले असतात, ते एकेक करून मोडतात. सिस्टीम लोकेलच्या (विंडोजच्या भाषेच्या सेटिंगच्या) खिडकीत यूटीएफ-८ची, म्हणजे जुन्या फंक्शनलाही युनिकोड वापरायला लावणारी, एक 'बीटा' खूण असते. तिने काही गेम चालतात, पण दुसरे जुने प्रोग्रॅम वेडंवाकडं दाखवू लागतात, म्हणून घरच्या मशिनवर मी ती लावत नाही.

आणि यातली मला आवडणारी गोष्ट अशी. फोल्डरचं नाव बदलत नाही, हाच नियम आता आपल्या कामी येतो. अकाउंट आधी इंग्रजी अक्षरांत बनवा, एकदा लॉगइन करा म्हणजे फोल्डर इंग्रजीत तयार होईल. मग कंट्रोल पॅनेलच्या 'युजर अकाउंट्स'मध्ये जाऊन 'चेंज युवर अकाउंट नेम'मधून नाव मराठीत करा. लॅपटॉप उघडला की भावाला त्याचं नाव आपल्या लिपीत दिसेल आणि गेमला त्याचा पत्ता इंग्रजीत मिळेल. ओंकारच्या लॅपटॉपवर हेच केलं होतं.

नव्या अकाउंटवरही गेम तसाच गायब झाला, तर नाव निर्दोष. मग पुढचे संशयित. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'प्रोटेक्शन हिस्टरी' बघा, गेमची एखादी फाइल उचलून बाजूला ठेवली आहे का. तिथेच रॅन्समवेअरच्या भागात 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' चालू असेल तर ते अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्समध्ये लिहू देत नाही. परिणाम अगदी ओंकारसारखाच. ते सरसकट बंद करण्यापेक्षा गेमच्या एक्झीला तेवढी परवानगी द्या. डॉक्युमेंट्समध्ये 'माय गेम्स'खाली किंवा अ‍ॅपडेटामध्ये गेमचं सेटिंगचं फोल्डर सापडलं तर त्याच्या नावापुढे 'जुनं' अर्थाचं काहीतरी इंग्रजीत जोडा, पुसू नका, आत सेव्ह असू शकतात. गेम नवं फोल्डर करून उघडला तर दोष त्या सेटिंगचा होता. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक असतील तर सेटिंगमध्ये 'डिस्प्ले', मग 'ग्राफिक्स' इथे गेमची एक्झी जोडून 'हाय परफॉर्मन्स' निवडून बघा. स्क्रीनवर एफपीएस दाखवणारे किंवा रेकॉर्डिंग करणारे प्रोग्रॅम तात्पुरते बंद करा.

जुन्या गेमबद्दल आणखी एक. काही गेम त्यांच्या कुलपामुळे अडतात. सीडीवर आलेल्या कित्येक गेममध्ये 'सेफडिस्क' नावाचं कॉपी रोखणारं कुलूप होतं, त्याचा ड्रायव्हर सुरक्षेला धोका म्हणून विंडोज १०मधून काढून टाकला गेला. ती सीडी खरी असली, कोरी करकरीत असली तरी आज चालत नाही. जीटीए ४ मूळ 'गेम्स फॉर विंडोज लाइव्ह' या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन सेवेवर बांधलेला होता. त्याच्या नव्या 'की' (गेम उघडायचे कोड) मिळेनात म्हणून जानेवारी २०२०मध्ये स्टीमवरची विक्रीच थांबली, आणि ती सेवा काढून टाकलेली आवृत्ती मार्चमध्ये आली. असा गेम असेल तर सीडीच्या नादी न लागता सध्या विकली जाणारी आवृत्ती घेणंच शहाणपणाचं. आणि विंडोज ७वर अजून कोणी असेल, तर १ जानेवारी २०२४पासून स्टीमने त्याचा आधार काढून घेतला आहे.

हे उत्तर नव्या गेमच्या अडचणीसाठी वाचणारेही असतील, त्यांच्यासाठी दोन गोष्टी लिहायलाच हव्यात, कारण दोन्हींत लोकांचं खरं नुकसान होतं.

पहिली, 'सिक्युअर बूट' (मशिन सुरू होताना फक्त खात्रीच्या फाइली चालू देणारी सोय) चालू करा, ही मागणी. विंडोज ११वर व्हॅलोरंट टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूटशिवाय उघडत नाही, बॅटलफील्ड ६लाही सिक्युअर बूट लागतं. मुलं व्हिडिओ बघून थेट बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरतात, सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करतात, आणि त्यानंतर विंडोजच उघडत नाही. आधी स्टार्टमध्ये 'सिस्टीम इन्फर्मेशन' उघडून 'बायोस मोड' बघा. तिथे 'यूईएफआय' असेल तर काम सोपं आहे. 'लेगसी' असेल तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. ती आधी विंडोजच्याच 'एमबीआर२जीपीटी' या आज्ञेने बदलावी लागते, आधी बॅकअप घेऊन आणि 'व्हॅलिडेट' करून, मगच बायोस. आणि दोन्ही बाबतींत आधी डिस्क एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती बहुतेक मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. बायोस बदलल्यावर मशिन ती मागू शकतं, आणि ती नसेल तर तुमचा डेटा तुम्हालाच उघडता येत नाही. बारावीचं प्रोजेक्ट अडकलेलं पोर समोर बसलेलं मी पाहिलंय.

दुसरी, 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' असं सांगून पडणारे अनरिअल इंजिनवरचे गेम. ग्राफिक कार्डवर भरपूर मेमरी असताना हा संदेश येत असेल आणि डेस्कटॉपमध्ये इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा वरच्या दर्जाचा प्रोसेसर असेल, तर ग्राफिक कार्ड बदलायला जाऊ नका. गेम सुरू होताना शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करायला आणि दाबून भरलेल्या फाइली उलगडायला प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालतो. तिथे त्याची गणितं चुकली की गेमला ती चूक मेमरीची वाटते. या प्रोसेसरमधला व्होल्टेजचा दोष इंटेलने २०२४मध्ये मान्य केला, त्यावर मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मदरबोर्डच्या साइटवरून नवं बायोस टाकायचं. त्यानंतरही गेम पडत राहिला तर प्रोसेसर आधीच झिजलेला असू शकतो, नवं बायोस ती झीज भरून काढत नाही. तो वॉरंटीत बदलून मागायचा.

ताई, 'युजर्स' फोल्डर आधी बघा. त्याने काम झालं नाही तर मला तीन गोष्टी पाठवा: गेमचं नेमकं नाव, रिलायबिलिटीच्या नोंदीतला तपशील किंवा नोंद नसेल तर 'नोंद नाही' एवढं, आणि 'डीएक्सडायग' हे मशिनची माहिती दाखवणारं विंडोजचं साधन चालवून 'सेव्ह ऑल इन्फर्मेशन' दाबल्यावर तयार होणारी फाइल. पाठवण्याआधी त्या फाइलमधलं मशिनचं नाव पुसून टाका. आणि तोवर दुकानात लॅपटॉप देऊ नका.